माझी नेफ्रेक्टॉमी : किडनी काढतात म्हणजे नक्की काय काय होतं

गेल्या वर्षी माझी डावी किडनी काढली. फाईलवर ऑपरेशनचं नाव आहे "लेफ्ट लॅप्रोस्कोपिक सिंपल नेफ्रेक्टॉमी", आणि तेव्हापासून नात्यात, शाळेत, कॉलनीत कुणालाही डॉक्टरने नेफ्रेक्टॉमी हा शब्द ऐकवला की संध्याकाळपर्यंत मला फोन येतोच. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही, धुळ्याकडे प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, त्यामुळे माझ्यासोबत जे झालं आणि माझ्या डॉक्टरांनी मला जे समजावून सांगितलं तेवढंच लिहितेय.

नेफ्रेक्टॉमी म्हणजे ऑपरेशन करून किडनी काढणं. ग्रीक शब्द आहेत, नेफ्रॉस म्हणजे किडनी आणि एक्टोमी म्हणजे कापून बाहेर काढणं. हिस्टरेक्टॉमी, अपेंडेक्टॉमी हे शब्द आता घरोघरी माहीत झालेत, त्यातलीच ही. पण नुसत्या या शब्दावरून पेशंटचं काय चाललंय ते काहीच कळत नाही हो. का काढतायत, पूर्ण काढणार की थोडी, सोबत आजूबाजूचं काय काढणार, हे सगळं त्याच्या आधी लागलेल्या शब्दात असतं, आणि नेमका तोच शब्द घरच्यांच्या कानातून निसटतो कारण "किडनी काढायची" एवढं ऐकल्यावर पुढचं काही ऐकूच येत नाही. माझ्या फोनवर रडणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच विचारते, नेफ्रेक्टॉमीच्या आधी काय लिहिलंय ते वाच.

माझं कळलं ते सोनोग्राफीत. कंबरेच्या वर डाव्या बाजूला जडपणा वाटायचा, कळ वगैरे कधीच नाही. गायनॅकच्या डॉक्टर बाईंनी सोनोग्राफी सांगितली, आणि तिथले डॉक्टर डाव्या कुशीवर प्रोब धरून बराच वेळ बघतच राहिले, मग विचारलं, ताई तुम्हाला खरंच कधी कळ आली नाही का. रिपोर्टमध्ये आलं ग्रॉस हायड्रोनेफ्रोसिस, म्हणजे लघवी साचून किडनी खूप फुगलेली, कॉर्टेक्स, म्हणजे तिचा बाहेरचा थर, पातळ, आणि पीयूजेला १४ एमएमचा खडा. पीयूजे म्हणजे किडनीतली लघवी जमा होते तो भाग संपून मूत्रवाहिनी सुरू होते ती अरुंद जागा. खडा तिथे हळूहळू वाढत बसला की लघवी पुढे सरकत नाही, किडनी आतून फुगत जाते आणि तिचा काम करणारा थर दाबून दाबून पातळ होतो. अचानक अडला तर माणूस लोळतो इतक्या कळा येतात, पण सावकाश अडत गेला तर काहीच जाणवत नाही असंही होतं, आणि मला वाटतं आमच्या भागात हे सगळ्यात जास्त सांगायची गरज आहे. उन्हाळ्यात ४४-४५ अंश तापमान, पाणी कमी, प्रत्येक गल्लीत मुतखड्याचा एक तरी पेशंट, आणि सगळ्यांचा समज असा की दुखत नाही म्हणजे खडा पडून गेला.

दुसरी गोष्ट क्रिएटिनिनची, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते त्या कचऱ्याच्या तपासणीची. माझं क्रिएटिनिन ०.८ होतं, म्हणजे एकदम नॉर्मल. मिस्टर म्हणाले मग किडनी खराब कशी असेल, रिपोर्ट चुकला असेल. डॉक्टरांनी कागदावर दोन किडन्या काढून समजावलं की क्रिएटिनिन दोघींचं मिळून असतं, एक बंद पडली तरी दुसरी धडधाकट असेल तर ती सगळं उरकते आणि रक्तात काहीच दिसत नाही. हेल्थ चेकअपमध्ये क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणून दोन्ही किडन्या ठीक आहेत असं धरून चालू नका, ते सोनोग्राफीतच दिसतं.

मग नाशिकला युरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रविकारांच्या सर्जनकडे गेलो. सीटी स्कॅन झाला आणि त्यानंतर डीटीपीए स्कॅन. हा स्कॅन मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण प्रत्येक किडनी किती टक्के काम करतेय ते यात वेगवेगळं कळतं. आधी भरपूर पाणी प्यायला लावतात, हाताच्या शिरेतून अगदी थोडं रेडिओॲक्टिव्ह औषध देतात, तुम्ही टेबलावर निपचित पडून राहायचं आणि पाठीकडचा कॅमेरा औषध किडनीत कसं येतं नि कसं बाहेर पडतं ते टिपत राहतो. मध्येच लघवी सुटायचं इंजेक्शन देतात त्यामुळे शेवटची दहा मिनिटं फार जड जातात. दुखत काही नाही. बाहेर स्क्रीनवर दोन रेषा, उजव्या किडनीची रेष चढून छान उतरलेली, आणि डावीची तळाशी जवळजवळ आडवी. उजवी ९१ टक्के, डावी ९.

मला वाटलं आता लगेच ऑपरेशन. पण सर, म्हणजे ते युरॉलॉजिस्ट, म्हणाले घाई नाही, आधी तिला एक संधी देऊ. अडथळ्यामुळे दाबली गेलेली किडनी दाब काढल्यावर कधी कधी थोडी सावरते, म्हणून पाठीतून तिच्यात बारीक नळी टाकून लघवीला वाट करून द्यायची, काही आठवडे थांबायचं, आणि स्कॅन परत करायचा. या नळी टाकण्याला म्हणतात नेफ्रोस्टॉमी. स्टॉमी म्हणजे तोंड करणं, वाट काढणं. फक्त जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत बघत करतात, अर्ध्या तासाचं काम.

आणि इथून गोंधळ सुरू झाला. मिस्टरांनी फॅमिली ग्रुपवर टाकलं, आज नेफ्रोस्टॉमी झाली, तब्येत ठीक. आमच्या दिरांनी ते नेफ्रेक्टॉमी वाचलं आणि गावी सांगून मोकळे, वहिनीची किडनी काढली. सासूबाई फोनवर "काय व्हयनं वं माय" करून रडायलाच लागल्या, त्यांना समजावता समजावता मिस्टरांचा घसा बसला. पण एकट्या दिरांना काय बोलणार, पुढे मेडिक्लेमवाल्यांचंही तेच झालं. आधी नेफ्रोस्टॉमीची मंजुरी घेतलेली, मग नेफ्रेक्टॉमीची मागितली, तर त्यांच्याकडून क्वेरी आली की याच पेशंटचा याच ऑपरेशनचा क्लेम आधीच झालाय. डॉक्टरांचं लेटर, दोन्ही डिस्चार्ज कार्डं, स्कॅनचे रिपोर्ट सगळं परत पाठवलं तेव्हा सुटलं. म्हणून हे तीन शब्द शेजारी शेजारी ठेवून वाचा. नेफ्रोस्टॉमी म्हणजे किडनीत नळी टाकून लघवीची वाट करणं, किडनी जागेवरच राहते. नेफ्रोलिथोटॉमी म्हणजे किडनी उघडून किंवा छिद्र पाडून खडा काढणं, पीसीएनएल म्हणतात ते हेच दुर्बिणीने केलेलं, यातही किडनी जागेवरच. आणि नेफ्रेक्टॉमी म्हणजे किडनी काढणं. फाईलवर डॉक्टरांचं अक्षर कसं असतं माहितीये, त्यामुळे शंका आली तर सिस्टरांना विचारून स्पष्ट अक्षरात लिहून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

नळी आणि बॅग घेऊन मी घरी आले. पाठीला टेकून झोपता यायचं नाही, ड्रेसिंग ओलं होऊ द्यायचं नाही, आणि बॅगेत चोवीस तासांत किती जमा झालं ते वहीत लिहायचं. मी रोज सकाळी मापात ओतून लिहायचे आणि खरं सांगते, रोज वाटायचं आज जास्त येईल. येत होतं ते थोडं आणि पाण्यासारखं फिक्कं. डॉक्टर म्हणाले नुसतं पाणी येऊन उपयोग नाही, किडनीने रक्तातला कचरा त्यात टाकायला हवा, तो टाकत नाहीये. दुसऱ्या स्कॅनमध्ये डावी ८ टक्के आली. साधारण १० टक्क्यांच्या खाली राहिली आणि नळी टाकूनही सुधारली नाही तर ती ठेवून फायदा नाही असं बहुतेक युरॉलॉजिस्ट मानतात, कारण साचलेल्या लघवीत इन्फेक्शन होऊन पू होऊ शकतो, काहींचं बीपी वाढतं, खडे परत होतात.

मी विचारलं, खडा काढा आणि ती बिचारी राहू द्या ना आत, खाते काय ती. सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, खडा काढला तरी मेलेला भाग परत येत नाही, आणि आज तुमची तब्येत चांगली असताना शांतपणे जे करता येईल ते पू झाल्यावर रात्री इमर्जन्सीत करावं लागलं तर जिवावर बेतू शकतं. मग एक वाक्य बोलले ते मी सगळ्यांना सांगते, "तुम्ही आत्ताही एकाच किडनीवर जगताय, बहुतेक काही वर्षांपासून. मी तुमच्या शरीरातून काम करणारं काही काढत नाहीये." त्या एका वाक्याने माझी भीती निम्मी झाली. दादाच्या आग्रहावरून पुण्याला दुसऱ्या डॉक्टरांनाही रिपोर्ट दाखवले, त्यांनीही तेच सांगितलं. दुसरं मत जरूर घ्या, चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

ॲडमिट झाले तेव्हा आमच्या मजल्यावर आणखी तिघांच्या फाईलवर नेफ्रेक्टॉमी लिहिलेलं होतं, आणि चौघांचं चार तऱ्हेचं.

माझं सिंपल, म्हणजे कॅन्सर नाही, निकामी झालेली किडनी तेवढी काढायची. नाव सिंपल असलं तरी ऑपरेशन सोपं असतंच असं नाही, जुनं इन्फेक्शन असलं की किडनी आतड्याला, मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटून बसलेली असते आणि सोडवताना सर्जनची कसोटी लागते. समोरच्या खोलीतल्या आजोबांना लघवीतून रक्त गेलेलं, तपासलं तर किडनीत नऊ सेंटिमीटरची गाठ, त्यांची रॅडिकल नेफ्रेक्टॉमी. त्यात किडनी, तिच्याभोवतीची चरबी आणि त्या चरबीवरचं आवरण सगळं एकत्रच काढतात, गरज पडली तर वरची ॲड्रीनल ग्रंथी आणि लसिकाग्रंथीही, म्हणजे गाठीला हात न लावता ती तिच्या वेष्टणासकट बाहेर येते. त्यांच्या पलीकडे एक तरुण मुलगा, त्याची गाठ तीन सेंटिमीटरची, त्याची पार्शल नेफ्रेक्टॉमी, फक्त गाठ आणि कडेचा थोडा भाग काढून बाकी किडनी शिवून ठेवायची. गाठ चार सेंटिमीटरच्या आत असेल आणि जागा सोयीची असेल तर आता शक्यतो हेच करतात. त्याच्या आईने पार्शल हा शब्द ऐकलाच नव्हता, ती बाई दोन दिवस पोराची किडनी गेली म्हणून जेवली नव्हती, मीच तिला फाईलवरचं दाखवलं आणि मग राउंडला डॉक्टरांनी नीट सांगितलं.

आणि चौथी डोनर नेफ्रेक्टॉमी. एक आई तिच्या मुलीला किडनी देत होती. तिच्या किडनीला काहीही झालेलं नव्हतं, किंबहुना आम्हा सगळ्यांत तिच्याच तपासण्या सगळ्यात जास्त झालेल्या. नात्याचे पुरावे, समितीपुढे मुलाखत, मनावर कुणाचा दबाव नाही ना याची विचारपूस, १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली हे सगळं करावंच लागतं. डावी किडनी घेणार होते, कारण डाव्या किडनीची शीर लांब असते आणि मुलीच्या शरीरात जोडायला ती बरी पडते. ती माऊली मला म्हणाली, तुमची निकामी होती म्हणून काढतायत, माझी चांगली आहे म्हणून. मी तिचा हात हातात घेतला, बोलता काही आलं नाही.

रात्री झोप येईना म्हणून राउंडला आलेल्या असिस्टंट डॉक्टरांना विचारलं की एका किडनीवर माणूस जगतो हे पहिल्यांदा कळलं कसं. त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं, जर्मनीत हायडेलबर्गला गुस्टाव्ह सिमॉन नावाचे सर्जन होते, त्यांच्याकडे एक बाई आली, आधीच्या ऑपरेशनमध्ये तिच्या मूत्रवाहिनीला इजा होऊन लघवी सतत गळत होती, कशानेच थांबेना. त्यांनी आधी कुत्र्यांची एक एक किडनी काढून ती जगतात हे तपासलं आणि मग १८६९ मध्ये त्या बाईची किडनी काढली, ती बरी झाली. दुर्बिणीने काढायला त्यानंतर एकशे एकवीस वर्षं लागली, १९९० मध्ये अमेरिकेत क्लेमन यांनी पहिली लॅप्रोस्कोपिक नेफ्रेक्टॉमी केली. आपल्याकडे वेल्लोरला १९७१ मध्ये जिवंत दात्याच्या किडनीचं यशस्वी प्रत्यारोपण झालं. सिमॉनकडे आलेल्या त्या बाईचं मला फार वाटत राहिलं, तिला कुणी खात्री देऊ शकत नव्हतं आणि मला मात्र प्रत्येक जण देत होता.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सर स्वतः आले आणि माझ्या डाव्या कुशीवर जाड मार्करने बाण काढला. संमतीपत्र मराठीत होतं, त्यात स्पष्ट लिहिलेलं की दुर्बिणीने जमलं नाही तर पोट उघडून करावं लागेल, रक्त द्यावं लागू शकतं. वॉर्डात, ओटीच्या म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या दारात, आत टेबलावर, प्रत्येक ठिकाणी नाव, गाव आणि "कुठली बाजू" विचारलं. पहिल्यांदा वाटलं यांना माहीत नाही की काय, मग भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, माहीत आहे, पण या ऑपरेशनात बाजू ही एकच गोष्ट अशी आहे की ती चुकली तर भरून काढता येत नाही, म्हणून पेशंट जागा असताना त्याच्याच तोंडून ऐकतो. तुम्हालाही कितीही वेळा विचारलं तरी वैतागू नका, दर वेळी स्पष्ट उत्तर द्या, आणि कुणीच विचारलं नाही तर तुम्हीच सांगा.

पुढचं मला आठवत नाही, सरांनी नंतर सांगितलं ते असं. उजव्या कुशीवर झोपवतात, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात, छोट्या छिद्रांतून कॅमेरा आणि हत्यारं जातात. आतडं बाजूला सारून किडनीच्या मुळाशी पोचतात, आधी धमनीला क्लिपा लावून कापतात मग शिरेला, म्हणजे रक्त आत येणं आधी थांबतं. सुटलेली किडनी आतल्या आतच एका पिशवीत घालतात आणि एक छिद्र थोडं वाढवून पिशवीसकट बाहेर काढतात. माझी चिकटलेली होती त्यामुळे वेळ लागला, पण पोट उघडावं लागलं नाही. मिस्टरांना ओटीच्या बाहेर बोलावून ट्रेमधली किडनी दाखवली. चांगली किडनी मुठीएवढी, साधारण दीडशे ग्रॅमची असते. ते म्हणाले नुसती पातळ पिशवी होती गं, आत खडा.

शुद्धीवर आल्यावर पोटापेक्षा जास्त दुखला तो खांदा. घाबरू नका, आत भरलेला गॅस राहिलेला असतो, तो छातीखालच्या पडद्याला लागतो आणि दुखणं खांद्यात जाणवतं, एक-दोन दिवसांत जातं. लघवीची नळी, कुशीत ड्रेनची नळी, तीन गोळ्यांचं ते फुंकायचं, म्हणजे खरं तर ओढायचं, श्वासाच्या व्यायामाचं स्पायरोमीटर. दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी उठवून चालवलं. खोकला आला की उशी कुशीवर दाबून धरा, खूप फरक पडतो. काढलेली किडनी बायोप्सीला जातेच, रिपोर्ट आल्याशिवाय फाईल पूर्ण झाली असं समजू नका. माझा "क्रॉनिक पायलोनेफ्रायटिस, मॅलिग्नन्सी नाही" असा आला, म्हणजे किडनीला जुनी सूज, कॅन्सर नाही. तो रिपोर्ट घेऊन जपून ठेवा, लोक विसरून जातात आणि मग वर्षभराने लागला की मिळत नाही.

घरी आल्यावर लोकांचे प्रश्न. "कोणाला दिली?" हा सगळ्यात जास्त. किडनी काढली म्हणजे दिलीच असणार असंच लोकांच्या डोक्यात असतं. एका बाईंनी तर कुजबुजत विचारलं किती मिळाले. मला त्या वेळी फार लागलं ते. किडनी विकणं गुन्हा आहे, आणि माझ्या मजल्यावरच्या त्या आईला कुणी हे विचारलं असेल का या विचाराने अजून वाईट वाटलं. मी आता सरळ सांगते, खड्याने निकामी झाली होती म्हणून काढली, आणि तुमच्या घरी कुणाला खडा असेल तर आधी सोनोग्राफी करून घ्या. प्रश्न विचारणारीच मग आपल्या नवऱ्याच्या खड्याचं विचारत बसते.

खाण्यापिण्याचं विशेष पथ्य नाही. कुणी म्हणे डाळ बंद, कुणी म्हणे टोमॅटो बंद. डॉक्टरांनी सांगितलं उरलेली किडनी चांगली आहे, सगळं खा, मीठ कमी, पाणी इतकं की दिवसाची लघवी दोन-अडीच लिटर व्हायला हवी, शाळेत असले तरी. बंदी आहे ती दुखण्याच्या गोळ्यांवर. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन असल्या गोळ्या आपण मेडिकलमधून चॉकलेटसारख्या आणतो, त्या किडनीला घातक ठरू शकतात आणि माझ्याकडे आता राखीव दुसरी नाही. गुडघा दुखला तर पॅरासिटामॉल, त्याहून जास्त काही हवं तर डॉक्टरांना विचारून. सीटी स्कॅनला डाय, म्हणजे शिरेतून रंगाचं औषध, द्यायचा असेल तर एकच किडनी आहे हे आधीच सांगायचं. पर्समध्ये एका कार्डावर लिहून ठेवलंय, लेफ्ट नेफ्रेक्टॉमी, वर्ष, ब्लड ग्रुप.

कार्डाचा उपयोगही झाला. मध्यंतरी पित्ताशयासाठी दुसऱ्या सेंटरला सोनोग्राफी केली, तिथले डॉक्टर डावीकडे शोधायलाच लागले, मी कार्ड दाखवलं तर म्हणाले बरं झालं सांगितलंत, नाहीतर जन्मतःच एक किडनी आहे असं लिहिलं असतं. रिपोर्टमध्ये त्यांनी लिहिलं "पोस्ट लेफ्ट नेफ्रेक्टॉमी स्टेटस". हे दोन-तीन शब्द पुढच्या प्रत्येक रिपोर्टवर असायला हवेत, विम्याच्या फॉर्मवरही खरं खरं लिहा.

आता उजवी किडनी थोडी मोठी झालीय, ११.८ सेंटिमीटर, एकटी राहिली की ती वाढते, ते चांगलंच. क्रिएटिनिन ०.९. बीपी घरीच मोजते, वर्षातून एकदा लघवीतलं प्रोटीन बघतो. परवाच्या सोनोग्राफीत उजवीत चार एमएमचा खडा दिसलाय, आतच एका कोपऱ्यात आहे, अडवत नाहीये. पोटॅशियम सिट्रेटचं सिरप सुरू केलंय, तीन महिन्यांनी परत सोनोग्राफी, आणि या वेळी दुखायची वाट बघायची नाही हे सरांना मला सांगावं लागलं नाही.